मुद्गल हातातून सुटला तेव्हा

तीन सोटे हवेत खेळवणारा कलावंत आज जगातल्या कोणत्याही सर्कशीत दिसतो. त्याच्या हातातली वस्तू नुसती काठी नसते. मूठ बारीक, मुठीच्या बुडाशी छोटी गोळी, पुढे फुगत जाणारे पोट आणि शेंड्याकडे पुन्हा किंचित निमुळतेपण. बघणाऱ्याला बाटली आठवते. जुन्या तालमीत घाम गाळलेल्या माणसाला मात्र करेला, म्हणजे मुद्गलाचाच एक प्रकार, आठवेल, आणि माझ्या मते खरे नाते तेच आहे. सर्कशीतला हा सोटा भारतीय तालमीतल्या मुद्गलाचा वंशज आहे. तो जादूच्या किंवा मदारीच्या खेळातून पश्चिमेला गेला नाही, व्यायामाच्या वाटेने गेला. जगलिंगचा इतिहास सांगताना हे जाता जाता नोंदवले जाते आणि सोडून दिले जाते, म्हणून ते जरा नेटाने मांडायला हवे.

वाट बरीच स्पष्ट आहे. कंपनीच्या फौजेतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी देशी शिपाई आणि पैलवान मुद्गल फिरवताना पाहिले, आणि खांदे-मनगटे तयार करणारा हा व्यायाम त्यांनी उचलला. डोनाल्ड वॉकर यांच्या १८३४ सालच्या ‘ब्रिटिश मॅन्ली एक्सरसाइजेस’ या पुस्तकात तो ‘इंडियन क्लब’ या नावाने सचित्र आला. पुढे वॉकर यांनी स्त्रियांसाठी याच प्रकारची हलकी साधनेही सुचवली, आणि वजन उतरण्याची सुरुवात तिथूनच दिसते. १८६१ मध्ये सिम किहो हे अमेरिकन गृहस्थ इंग्लंडला गेले, तिथे हॅरिसन नावाच्या व्यायामपटूचे मुद्गलाचे हात पाहून भारावले आणि परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये मुद्गल बनवून विकू लागले. १८६६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढले. शाळा, व्यायामशाळा, लष्करी छावण्या अशा सगळीकडे हे लाकडी जोड पोचले. मग कुणी तरी ते हातातून सोडून पाहणे क्रमप्राप्तच होते. हे पाऊल पहिल्यांदा उचलण्याचे श्रेय साधारणपणे डेविट कुक या अमेरिकन कलावंताला दिले जाते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांचा. त्यानंतर सिनसिनाटीच्या एडवर्ड व्हॅन विक यांच्यासारख्या कारागिरांनी खास फेकण्यासाठी हलके सोटे घडवले.

फिरवणे आणि फेकणे यांत किती थोडे अंतर आहे, हे मुद्गलाचा एक हात नीट पाहिला की कळते. मुद्गल खांद्यावरून पाठीमागे सोडला जातो, पाठीशी घसरत वर्तुळ घेतो आणि पुन्हा समोर येतो. खाली येताना त्याचे वजन मनगट ओढते, पण वर्तुळाच्या माथ्यावर क्षणभर ते जवळजवळ नाहीसे होते. तिथे बोटे फक्त दिशा देत असतात. कसलेला माणूस त्या जागी मूठ आवळत नाही, सैल ठेवतो. नेमक्या त्या क्षणी बोटे उघडली की मुद्गल हवेत जातो. त्याचा भार पोटाकडे असल्याने तो भाराच्या त्या बिंदूभोवती गरकन एक फेरा घेतो आणि मूठ दुसऱ्या तळहाताकडे वळून येते. दोन्ही टोकांना सारखी जाड असलेली काठीही फिरते, पण तिचे कोणते टोक हातात येणार हे नजरेला इतक्या झटकन कळत नाही. सोट्याची बारीक मूठ आणि फुगीर पोट लांबूनही वेगळे दिसतात. म्हणजे जो आकार वजन दूर ठेवून खांद्याला ताण देण्यासाठी घडला, तोच झेलण्यालाही सोयीचा निघाला. आज व्यावसायिक जगलरचा सोटा सुमारे अर्धा मीटर लांब आणि साधारण सव्वादोनशे ग्रॅमचा असतो, पैलवानाचा मुद्गल त्याच्या कितीतरी पट जड. तरीही पोट, मान आणि मूठ यांची बेतणी टिकून आहे.

यावर पहिला आक्षेप असा की लांबट वस्तू फेकून झेलणे फार जुने आहे. हे खरेच आहे. रब्बी शिमोन बेन गमलिएल जेरुसलेमच्या मंदिरातल्या उत्सवात आठ पेटत्या मशाली झेलत, असे तलमूदमध्ये नोंदले आहे. पण माझा दावा फेकण्याच्या कल्पनेबद्दल नाही, आजच्या साधनाबद्दल आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो: भारतीय जगलर तर आधीच लंडनमध्ये होते, मग बराकीची आडवाट कशाला? रामो सामी यांच्यासारखे कलावंत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून इंग्लंडमध्ये गाजत होते. भारतीय जगलरवर इंग्रज निबंधकार हॅझलिट यांनी निबंध लिहिला, तो १८२१ च्या ‘टेबल टॉक’मध्ये आहे. पण त्यात वर्णन आहे ते पितळी गोळ्यांचे, मुद्गलाचे नव्हे. मुद्गल दुसऱ्या दाराने आला, आणि त्या दारातून येणारे लोक तमासगीर नव्हते, कवायत करणारे होते. तिसरा आक्षेप इराणचा. तिथल्या जोरखान्यात, म्हणजे तालमीत, ‘मील’ फिरवतात, आणि हलके मील हवेत उडवून झेलतातही. दख्खनेचे आणि उत्तरेचे दरबार इराणशी इतके जोडलेले होते की मुद्गल आणि मील यांच्यात देवाणघेवाण झाली असेलच असे मला वाटते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु वॉकर आणि किहो यांच्या हातात जे आले ते इंग्रजांनी हिंदुस्थानात पाहिले होते, आणि त्यांनी त्याला नावही त्याच देशाचे दिले.

राहिला प्रश्न, आपल्या तालमीत फेक मुख्य धडा का झाली नाही. मारुतीसमोर नमस्कार घालून उचललेल्या मुद्गलात वाढते वजन आणि वाढती मोजणी हीच प्रगती होती. जड लाकूड हवेत सोडणे म्हणजे शेजारच्याच्या डोक्याशी खेळ. त्यामुळे आकार आणि फिरवणे आपले, आणि बोटे उघडण्याचे धाडस सर्कशीवाल्यांचे, अशी श्रेयाची वाटणी मला न्याय्य वाटते. ऑलिंपिकनेही हाच प्रवास पाहिला. १९०४ मध्ये सेंट लुईसला आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. १९३२ चे सुवर्णपदक जिंकणारे जॉर्ज रॉथ त्या मंदीच्या काळात बेकार होते. त्यानंतर ती स्पर्धा कार्यक्रमातून गेली. १९८४ मध्ये त्याच लॉस एंजेलिसला तालबद्ध जिम्नॅस्टिक्सला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि सोट्यांची जोडी परत आली, या वेळी मुलींच्या हातात. आता ती फिरवण्याबरोबर उंच फेकून झेललीही जाते, आणि नियमाप्रमाणे तिच्यातल्या एकेका सोट्याचे वजन किमान १५० ग्रॅम भरावे लागते.