कोवळ्या प्लेटलेटची साक्ष

१/ पावसाळा सरू लागला की पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात डेंग्यू डोके वर काढतो. भंगारातील टायर, उघड्या टाक्या, बांधकामांवरील हौद. एडिस डासाला एवढे पाणी पुष्कळ होते. मग घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : प्लेटलेट किती?

२/ ताप डेंग्यूचाच का, हे ओळखणारे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. प्लेटलेटचा आकडा मात्र केवळ शिल्लक साठा सांगतो. अस्थिमज्जेत नवे उत्पादन चालू आहे की थंडावले, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यास सव्वाशे वर्षे लागली.

३/ १८८२, इटलीतील तुरीन. ज्युलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत या चिमुकल्या चकत्या पाहिल्या. जखमेपाशी त्या एकमेकींना चिकटतात व रक्तस्राव रोखू लागतात, हे त्यांनी दाखवले. मराठी ग्रंथांत त्यांना रक्तबिंबिका म्हणतात.

४/ त्या येतात कोठून? १९०६ मध्ये बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी उत्तर दिले : अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या अवाढव्य पेशींचे तुकडे म्हणजेच प्लेटलेट. राइट यांच्या नावाचा रंग प्रयोगशाळांतील काचपट्ट्यांवर आजही वापरला जातो.

५/ प्लेटलेटला केंद्रक नसते. आयुष्य आठ-दहा दिवसांचे. मातृपेशीकडून मिळालेले थोडे आरएनए घेऊन ती रक्तात उतरते आणि ते लवकरच विरते. म्हणून आरएनए ही तिच्या कोवळेपणाची खूण ठरते.

६/ १९६९ मध्ये इनग्रॅम व कूपरस्मिथ यांनी रक्त काढलेल्या कुत्र्यांमध्ये अशा जाळीदार, कोवळ्या प्लेटलेट रंगवून पाहिल्या. १९९० मध्ये किनास्ट व श्मिट्झ यांनी आरएनएला चिकटणारा चमकता रंग व फ्लो सायटोमेट्री वापरून त्या मोजल्या. २००४ च्या सुमारास हीच मोजणी रक्ततपासणीच्या स्वयंचलित यंत्रात आली. तिचे नाव आयपीएफ.

७/ निरोगी माणसात हे प्रमाण साधारण १ ते ६ टक्के असते. एकूण आकडा कमी आणि आयपीएफ जास्त, तर मज्जा झटते आहे, नाश रक्तात होतो आहे; आयटीपी या विकारात असे दिसते. दोन्ही कमी, तर मज्जाच थकल्याची शंका. केमोथेरपीनंतर आयपीएफ वाढणे, ही मज्जा सावरत असल्याची पहिली चाहूल.

८/ डेंग्यूत दोन्ही घडते : आधी मज्जा मंदावते, शिवाय रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. भारतीय रुग्णांवरील अभ्यासांत आढळले, की आकडा वर येण्याच्या एक-दोन दिवस आधी बहुधा आयपीएफ चढते. भयभीत कुटुंबासाठी ते दोन दिवस मोलाचे असतात.

९/ २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ डेंग्यूरुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या. गंभीर रक्तस्राव नसताना आगाऊ प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट दुष्परिणाम अधिक दिसले.

१०/ आयपीएफ एकटे निर्णय देत नाही, आणि ती तपासणी सर्वत्र होतही नाही. डेंग्यूत खरा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने, पुष्कळदा ताप उतरत असताना. म्हणून रक्तदाब, लघवी, हिमॅटोक्रिट, पोटदुखी व रक्तस्राव यांवर डॉक्टरांची नजर असते.

११/ रक्तपेढीतील प्लेटलेटची पिशवी साधारण पाच दिवसच टिकते. ज्याची मज्जा दोन दिवसांत आपणच सावरणार आहे, त्याला ती विनाकारण चढवली, तर रक्ताच्या कर्करोगाने मज्जा बंद पडलेल्या एखाद्या मुलाच्या वाट्याची पिशवी कमी होते. कोवळ्या प्लेटलेट मोजण्याचे मोल इथे आहे.