अंगणातली शाळा

अंगणवाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खिचडी, वजनकाटा, लसीकरण. शाळा मात्र चटकन येत नाही. गंमत म्हणजे हा शब्द जन्माला आला तो शाळेचं नाव म्हणूनच. त्याचं श्रेय ताराबाई मोडक यांना दिलं जातं.

गोष्ट थोडी मागून सुरू करायला हवी. मारिया मॉन्टेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं. मुलं कामगारांची. पण ही पद्धत जगभर पोचेपर्यंत तिची साधनं इतकी महाग झाली की ती सुखवस्तू घरांतल्या मुलांची होऊन बसली. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. पेशाने वकील असलेला हा माणूस मुलांत इतका रमला की लोक त्याला 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर काम करायला आल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं. तेही छान चाललं होतं. पण खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न काही त्यांना सोडत नव्हता.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं.

बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी सरळ हिशेब केला: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारात जायचं. शिक्षिका दलित वस्तीत जायच्या, मुलांना गोळा करायच्या, आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, आणि तिथेच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू व्हायचे. ही अंगणवाडी! महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पानं, खडे. लहान-मोठं ओळखायला, रंग लावायला, मोजायला एवढं पुरतं. समुद्रकाठच्या गावात शिंपल्यांना काय तोटा?

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांजवळ. तिथे अडचण वेगळी. मोठी मुलं गुरं राखायला जायची, मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसायच्या. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कडेवरचं बाळ कुणीतरी घेतलं तरच तिच्या हातात पाटी येणार ना!

या मुलांनी तिथे काय शिकलं? हात धुणं, पाणी न सांडता ओतणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी मांडी घालून बसणं. अक्षरं नंतर. हे शिकणं प्रगतिपुस्तकात मावत नाही, पण पुढचं सारं शिकणं यावरच उभं राहतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. उपाशी मुलाला आधी जेवण हवं, यात वादच नाही. पण एकाच सेविकेने हे सगळं करायचं म्हटल्यावर गाणी-गोष्टींना वेळ किती उरणार?

आणि शहरात? तिथे बरोबर उलट झालं. पोट भरलेलं, गणवेश कडक इस्त्रीचा, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल. बोटांचे स्नायू तयार नसताना रेघा ओढायच्या, घरी आल्यावर होमवर्क. ओतायला पाणी नाही, वेचायला बिया नाहीत. मला वाटतं, ताराबाईंच्या अंगणाची आपण वाटणी करून टाकली. गरिबाच्या वाट्याला खिचडी आली, पैसेवाल्याच्या वाट्याला अक्षरं. मधलं खेळणं दोघांच्याही वाट्याला कमीच आलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. चांगलंच आहे. फक्त यात नवं काही आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला एकदा कोसबाडची टेकडी दाखवून आणावी. आणि आपल्या नातवंडाला किंवा पोराला नर्सरीत घालताना 'एबीसीडी कधी शिकवणार?' असं विचारण्याआधी, 'इथे पाण्यात हात घालू देता का?' एवढं तरी विचारून बघावं.