पैदाशीच्या वळूची निवड : जनुकीय भाकीत आणि प्रत्यक्ष नोंदी

दुधाळ जनावरांच्या पैदाशीसाठी वळू निवडताना एक मूलभूत अडचण असते. वळू स्वतः दूध देत नाही. त्याची योग्यता आई, बहिणी आणि मुख्यतः मुलींच्या दुधावरून ठरवावी लागते. कृत्रिम रेतनामुळे एकाच वळूच्या गोठित रेतमात्रा हजारो गोठ्यांत पोहोचत असल्याने निवडीतील चूक पुढे अनेक पिढ्यांना भोवते.

जनावरांच्या बाजारात आणि दूध स्पर्धांमध्ये वळूची किंमत आजही बहुधा मातेच्या दुधावरून केली जाते. परंतु एका जनावराच्या आणि दुसऱ्याच्या दुधातील फरकापैकी साधारणतः पाव हिस्साच आनुवंशिक असतो. उरलेला चारा, निगा आणि हवामान यांचा असतो. हा हिस्सा २५ टक्के धरल्यास मातेच्या एका वेताच्या नोंदीवरून वळूविषयी केलेल्या अंदाजाची विश्वासार्हता जेमतेम ६ टक्के भरते. वेगवेगळ्या गोठ्यांतील १५ मुलींच्या नोंदी हाती आल्यास ती ५० टक्के, तर ६० मुलींच्या नोंदींवर ८० टक्के होते. मातेचा विक्रम प्रत्यक्ष मोजलेला असतो हे खरे, पण ते मोजमाप मातेचे असते, वळूचे नव्हे. प्रजननक्षमतेसारख्या गुणांत आनुवंशिक हिस्सा अवघा ५ टक्क्यांच्या आसपास असतो. तेथे ५० टक्के विश्वासार्हतेसाठीच ७९ मुली लागतात.

मुलींच्या नोंदींवर आधारलेल्या या पद्धतीस संतती परीक्षण म्हणतात. तिचा दोष म्हणजे लागणारा काळ. म्हशीचा गर्भकाळ सुमारे १० महिन्यांचा. जन्मलेली पारडी प्रथम विण्यास साडेतीन ते चार वर्षे जातात आणि त्यानंतर ३०५ दिवसांचे वेत मोजावे लागते. निकाल लागेपर्यंत रेडा आठ वर्षांच्या घरात पोहोचलेला असतो.

जनुकीय भाकीत हा काळ वाचवते. वासराच्या केसांतून किंवा रक्तातून मिळालेल्या डीएनएवरील हजारो खुणा तपासून त्याच्या गुणवत्तेचा अंदाज जन्मानंतर लगेच बांधता येतो. म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये या पद्धतीची मांडणी केली, तर अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन वळूंचे असे मूल्यमापन अधिकृतपणे प्रसिद्ध होऊ लागले. सख्ख्या भावांची वंशावळ एकच असली तरी त्यांना मिळालेली जनुके निराळी असतात. हा फरक वंशावळीत दिसत नाही, चाचणीत दिसतो.

मुलींच्या नोंदींतूनही सर्व काही कळते असे नाही. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या अमेरिकी होल्स्टीन वळूच्या मुली उत्कृष्ट दूध देत. मात्र त्याच्या एका जनुकात दोष होता. आई आणि बाप दोघांकडून तो आल्यास गर्भ दगावत असे. दुधाच्या नोंदींत त्याचा मागमूस लागणे शक्य नव्हते. होल्स्टीन वंशातील हा घातक दोष डीएनएच्या खुणांवरून २०११ मध्ये उघड झाला. तोपर्यंत जगभरात त्यामुळे पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

तरीही भाकितास आधार मोजणीचाच लागतो. ज्या जनावरांच्या खुणा आणि दूध दोन्ही ठाऊक आहेत, अशा संदर्भ कळपाशी तुलना करूनच संगणक उत्तर देतो. होल्स्टीनच्या नोंदींवरून काढलेली समीकरणे गीर किंवा मुऱ्हा जातीस लागू पडत नाहीत. थंड हवेत, भरपूर खुराकावर जोखलेल्या परदेशी वळूच्या मुली आपल्या उन्हाळ्यात त्याच क्रमाने उतरतील, याचीही शाश्वती नसते.

भारतात मुऱ्हा, मेहसाणा म्हशी आणि संकरित होल्स्टीन गायींच्या संतती परीक्षणास २०११-१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दुग्धविकास योजनेने बळ दिले. देशी गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे झाले.

चाचणीत सरस ठरलेल्या एकाच तरुण वळूवर भिस्त न ठेवता अनेक वळूंच्या रेतमात्रा थोड्याथोड्या वापरणे श्रेयस्कर मानले जाते. पुढे मुलींच्या नोंदी येऊ लागल्या की एकत्रित मूल्यमापनात त्यांचे वजन वाढत जाते आणि जनुकीय भाकिताचे आपोआप घटते. या नोंदींसाठी एक-दोन जनावरे असलेल्या घरीही महिन्यातून एकदा जाऊन, कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक पडताळून, सकाळ-संध्याकाळचे दूध मोजावे लागते.