धार-देवास : बोअरवेलकडून तळ्याकडे वळलेल्या शेतीची गोष्ट

पावलोपावली पाणी, अशी माळव्याची जुनी ख्याती. पण याच माळव्यातल्या देवास शहराला १९९० मध्ये रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं. धार आणि देवास ही मराठी पवारांची संस्थानं. तिथला पाण्याचा हिशेब कसा बिघडला आणि पुढे कसा जुळला, हे आपल्या शेतकऱ्यांनीही समजून घ्यावं असं आहे.

जुनी सोय
धार ही ११ व्या शतकात राजा भोजाची राजधानी. शहराला 'साडेबारा तलावांचं गाव' म्हणत. मुंज तलाव त्यातलाच. पावसाचं पाणी तळ्यात थांबायचं, जमिनीत मुरायचं आणि विहिरींना मिळायचं. शेत पिकलं की बाजार भरतो, कारागीर टिकतात, राजधानी उभी राहते.

बिघाड
इथे वर काळी माती, खाली काळा कातळ. पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात. देवासमध्ये जुनी तळी बुजत गेली आणि शेतकरी बोअरवेलकडे वळले. बोअर पाचशे फुटांच्याही खाली गेले. पाणी कमी, कर्ज मात्र वाढलं. रब्बीचं रान पडीक राहू लागलं.

२००६ चं वळण
जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी आधी मोठ्या शेतकऱ्यांना गाठलं. जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तळ्याला द्या, असं सांगितलं. तळ्याला नाव मिळालं 'रेवासागर', खोदणाऱ्याला 'भगीरथ कृषक'. पुढे जिल्ह्यात हजारो तळी झाली. २००७ मध्ये मध्य प्रदेश सरकारची बलराम तालाब योजनाही आली.

हिशेब सोपा आहे. दहा एकरांत फक्त खरीप घेतला तर पीक दहा एकर. एक एकर तळ्याला दिला आणि उरलेल्या नऊ एकरांत सोयाबीननंतर गहू-हरभरा घेतला, तर पीक अठरा एकर. रब्बी आली की चारा येतो, दूध येतं, मजुराच्या हाताला काम मिळतं.

दुसरी बाजू
मोठ्या कामाला मोठी जोखीम. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या अर्धवट मातीच्या धरणाला गळती लागली. धार-खरगोनमधली १८ गावं रिकामी करावी लागली. बाजूनं चर खोदून पाणी सोडलं, तेव्हा संकट टळलं.

आपल्यासाठी काय?
आपल्याकडे २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आलं. पण बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरचंच पाणी तळ्यात भरतात. असं तळं म्हणजे नुसती टाकी. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात वाळवायचं, त्यात वाढ कसली? देवासचं तळं वाहून जाणाऱ्या पावसावर भरतं. म्हणून अर्ज करण्याआधी एक पाहा : आपल्या शेतातलं पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. तळं तिथेच घ्या.