पेनिसिलीन : शोध आणि क्रिया

पेनिसिलियम वंशातील बुरशीपासून मिळणारा प्रतिजैव पदार्थ (अँटिबायॉटिक). सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना, पुंजगोलाणूंच्या संवर्धात अपघाताने वाढलेल्या बुरशीभोवतीचे जंतू नष्ट झालेले आढळले. बुरशीतील क्रियाशील द्रव्यास त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. परंतु ते अस्थिर असल्याने त्यांना शुद्ध स्वरूपात मिळविता आले नाही.

हे कार्य ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनी तडीस नेले. २५ मे १९४० रोजी घातक मालागोलाणू टोचलेल्या ८ उंदरांपैकी ४ उंदरांना पेनिसिलीन देण्यात आले. दुसऱ्या दिवशी तेवढेच जिवंत होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेल्या एका पोलीस शिपायास या औषधाने उतार पडला. त्याच्या मूत्रातून औषध परत काढून वापरूनही साठा संपला व मार्चमध्ये तो दगावला. औषधाचा गुण सिद्ध झाला होता. उणीव पुरवठ्याची होती. अमेरिकेत पिओरिया येथील शासकीय प्रयोगशाळेत मक्याच्या निवळीचा पोषक म्हणून उपयोग करण्यात आला आणि मोठ्या टाक्यांतील किण्वनाने विपुल उत्पादन शक्य झाले. फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनाच्या उत्पादनासाठी १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

जंतूच्या कोशिकेभोवती पेप्टिडोग्लायकनाची जाळीदार भित्ती असते. जाळीचे आडवे दुवे जोडणाऱ्या एंझाइमाला पेनिसिलीन निष्क्रिय करते. त्यामुळे भित्ती कमकुवत होऊन वाढता जंतू आतील दाबाने फुटतो. मानवी कोशिकांना अशी भित्ती नसल्याने औषधाची विषारी क्रिया अत्यल्प असते. मात्र काही व्यक्तींत तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवते. मालागोलाणू, फुप्फुसगोलाणू आणि घटसर्प व उपदंश यांचे जंतू यांवर मूळ पेनिसिलीन गुणकारी ठरले. अनेक ग्रॅम-अव्यक्त जंतूंच्या बाह्य पटलातून ते आत शिरत नाही. व्हायरसांना भित्तीच नसल्याने त्यांच्यावर ते निरुपयोगी आहे.

पेनिसिलिनाचे विघटन करणारे एंझाइम काही जंतूंत असते, हे एडवर्ड एब्रहॅम व चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे औषध प्रचारात येण्यापूर्वी दाखविले होते. अपुऱ्या मात्रेने जंतू प्रतिकारक्षम होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये दिला. या एंझाइमाला दाद न देणारे मेथिसिलीन तयार झाले. परंतु त्यालाही न जुमानणारे पुंजगोलाणू १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये आढळले. म्हणून योग्य रोगात, योग्य मात्रेत व वैद्यकीय सल्ल्यानेच पेनिसिलीन वापरणे हिताचे ठरते.