झाकलेल्या खिडकीआडचे काम

रायपूरच्या कचेरीत एका फाइलीखाली दुसरी झाकली गेली, की खालच्या प्रकरणाचे काम थांबते, हे आम्हां नोकरदारांस सांगावयास नको. घरगुती संगणकांच्या पडद्यावर हेच मेज मांडले गेले, तेव्हा प्रश्नही तोच उभा राहिला: झाकलेल्या खिडकीतील काम चालू राहते काय?

१९८४ च्या मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट. एकमेकींवर सरकणाऱ्या त्याच्या खिडक्या देखण्या होत्या. परंतु लहानसहान उपसाधने वगळता एका वेळी प्रोग्रॅम एकच चाले. १९८५ च्या अटारी एसटीची गतही तीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली. तिच्यात अनेक प्रोग्रॅम चालत; पण खिडक्या फरशांप्रमाणे शेजारीशेजारी बसत. एकीने दुसरीस झाकण्याची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली.

जुलै १९८५ मध्ये प्रकट झालेल्या अमिगाने मात्र निराळी वाट धरली. तेथे खिडक्यांखेरीज स्वतंत्र पडदेही असत. प्रत्येकाची रंगसंख्या व सूक्ष्मता वेगळी. वरचा पडदा माउसने खाली ओढला, की मागचा दिसू लागे. चित्र वरून खाली रेखाटले जात असतानाच ‘कॉपर’ नामक सहायक यंत्रणा त्याची व्यवस्था बदलीत असे. मागच्या पडद्यावरील कामही तोवर चालूच राही.

मॅकिंटॉशवर अशी सोय १९८७ मध्ये मल्टिफाइंडरने आणली. ही तुलना करता आम्हांस वाटते, की खिडकी रंगविणे त्या मानाने सोपे. तिच्याआड काम जागते ठेवणे, हीच त्या यंत्रांची खरी कसोटी होती.