मध्ये काय आहे?

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कॅमेरा लावायचा म्हटलं की गिऱ्हाईक आधी मेगापिक्सल विचारतं. मी विचारतो, मध्ये काय आहे? या किनाऱ्यावर ज्यानं ज्यानं पहारा दिला त्याला हा प्रश्न सोडवावा लागला. त्यापायी लढायाही झाल्या.

1594 साली निजामशाहीनं कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. खाडीच्या अलीकडे पोर्तुगिजांचं रेवदंडा, आत चौलचं बंदर. वरून सगळंच तोफेच्या टप्प्यात. पोर्तुगिजांनी त्याच वर्षी हल्ला करून डोंगर घेतला आणि 1740 पर्यंत सोडला नाही. खांदेरीचंही तेच. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला त्या बेटावर तटबंदीसाठी पाठवलं आणि मुंबईचे इंग्रज कासावीस झाले, कारण मुंबईत शिरणारी गलबतं तिथून दिसतात. ऑक्टोबरात समुद्रात लढाई झाली, बेट मराठ्यांकडेच राहिलं. मग 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट धरलं. पुढे 1867 साली इंग्रजांनी खांदेरीवर दीपगृह उभं केलं, तेही उंचीसाठीच.

कॅमेऱ्याचं चित्र तारेविना पाठवायला आम्ही दिव्याऐवजी रेडिओलहरी सोडतो, त्यामुळे आणखी एक शत्रू वाढला: गोंगाट. त्याचाही इतिहास अलिबागेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ती 1904 मध्ये अलिबागला हलवली. इमारतीत लोखंड टाळलं. ज्यांनी आधी गोंगाट ओळखला आणि मग जागा निवडली, त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो. आज शनिवार-रविवारी अलिबाग-नागावच्या कॉटेजांतून इतके वायफाय चालू असतात, की 2.4 गिगाहर्ट्झवर लांबचा कॅमेरा गुदमरतो. तो पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा उघड्यावर वापरायला 2018 मध्ये मोकळा झाला, आणि आमचा धंदा खरा तेव्हा सुधारला.

पण 5 गिगाहर्ट्झला झाड चालत नाही. नारळाची ओली झावळी मध्ये आली की चित्र अडकलंच, त्यात पावसाळ्यात झाडं निथळत असतात. शिवाय समोरचं नुसतं दिसून भागत नाही. लहरी सोडणाऱ्या आणि झेलणाऱ्या दोन डिशमध्ये दोन किलोमीटर अंतर असेल तर मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण पाच मीटर त्रिज्येची जागा लहरींना लागते. निदान त्यातली तीन मीटर मोकळी हवी. खाडीवर तर तीही रोज बदलते. उधाणाच्या भरतीला पाणी वर चढतं, पाण्यावरून परतलेली लहर सरळ आलेलीला छेद देते आणि ठरावीक वेळेला चित्र फाटतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘दादा, कॅमेरा खराब दिलात.’ मी भरतीचं कोष्टक काढतो. डिश थोडी वर-खाली सरकवली की बहुतेकदा भागतं.

उरलेलं काम सेटिंगचं. मोठा चॅनेल मोहक वाटतो, पण लांब पल्ल्याला 20 मेगाहर्ट्झचा अरुंदच टिकतो. सेकंदाला पंचवीसऐवजी बारा फ्रेम, चित्र दाबून लहान करणारं एच.265, पूर्ण चित्र कॅमेऱ्यातल्या कार्डावर आणि मोबाइलवर हलका सबस्ट्रीम. चोर काही पंचवीस फ्रेमच्या वेगानं येत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, मोबाइलचे मनोरेही. वाड्यावाल्यांचं उभं आयुष्य कोसळलं, आणि त्याच उघड्या पडलेल्या वाडीतून समुद्रापर्यंत सरळ नजर जात होती. त्या वेळी तिथं आखूड खांबावरही चित्र स्वच्छ आलं असतं. आता नव्यानं लावलेली झाडं वाढतायत. म्हणून मालकाला मी आधीच सांगतो, ‘खांब वीस फुटी नको, चाळीस फुटी घ्या. आणि पोफळींची रांग जिथं लावणार, ती आत्ताच दाखवा.’